गूळ, गुळाचा

चौकशीची खिडकी रात्री साडेनऊलाही उघडी असते,
म्हणजे पडद्यावरची.
लाकडी पाचला बंद होते, तिची किल्ली
तळपे शिपायाच्या खिशातून कळंब्याला जाते.

मी ताट बाजूला सारून फोन बघते.
तैसीन मुजावर, एम. ए. भाग दोन, मुक्काम कसबा बीड :
‘मॅडम, गूळ टाकलं, काहीच येईना झालंय.
आपल्यात गुळावर काय नाही?’

कोल्हापुरात.
गुळावर काय नाही.

मीही टाकते. गूळ.
यंत्र गोल गोल फिरतं आणि अदबीनं सांगतं,
शून्य नोंदी सापडल्या.
शून्य सापडतं, याचं मला अजून नवल वाटतं.

मगदूम सरांच्या हाताखाली लागले तेव्हा
भिंतभर कार्डांची कपाटं होती.
सरांच्या टंकयंत्राचा ळ अधू,
प्रत्येक वेळी ओळीखाली घसरायचा,
बाळ, सकाळ, तळमळ, सगळे एका पायावर.
सर म्हणायचे, ‘बाई, मागणाऱ्याला काय पायजे
ते त्यालाबी ठाऊक नसतंय.
निम्मं त्यानं सांगायचं, निम्मं आपण वळखायचं.’
मला वाटायचं, कमी पगाराची ही भरपाई असावी.

‘ग’चा दुसरा खण. ‘गुलाबाची लागवड’च्या मागं
एक कार्ड, कडेला हळदीचं बोट :
गुळाची पेठ आणि अडते.
टंकलिखित प्रबंध, पाने दोनशे बारा, प्रत एक,
चाळीस पानांपर्यंत वाळवी.
बोटांना आठवलं आधी, मला नंतर.

आणि मग दिसलं.
गूळ दीर्घ असतो तो एकटा असेपर्यंत.
प्रत्यय लागला की आखडतो :
गुळाचा, गुळाला, गुळात.
हे पाचवीच्या पोराला कळतं.
यंत्राला कुणी सांगितलं नाही,
निविदेत तो मुद्दा नव्हता.
म्हणजे ऊस टाकला तर उसाचं काही येणार नाही.
माणूस टाकला तर माणसाचं नाही.
पूर टाकला
तर पुराचं एक पानही नाही,
पंचगंगा कधी घाटाची पायरी चढलीच नाही
असं ते शपथेवर सांगेल.

लिहिते : ‘नुसतं गुळा टाक. पुढचं तोड.’

तीन ठिपके हलत राहतात.
‘ओ मॅडम!! एक्केचाळीस आले!’
परत ठिपके. बराच वेळ.
‘माझे आजोबा गुळव्या होते.
त्यांचं नाव असंल का कुठं?’

नसेल, असं लिहिते.
प्रबंधात अडत्यांची नावं असतात,
काहिलीपाशी घाम पुसणाऱ्याचं कोण लिहितं.
ते खोडते.
‘उद्या ये. पान एक्केचाळीसपासून बघू, दोघी.’

झोपण्याआधी कंपनीला तक्रार टाकते. विषय : प्रत्यय.
दोन मिनिटांत उत्तर,
आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

सकाळी तळपेच्या आधी ती पायरीवर.
पहिल्या गाडीनं आलेली, ओढणीला धुराचा वास,
हातात वर्तमानपत्रात बांधलेला गुळाचा खडा,
‘आमच्याच गुऱ्हाळातला. घ्या की.’
वाचनकक्षात खाद्यपदार्थ आणू नयेत
ही पाटी माझ्याच अक्षरात, आमच्या डोक्यावर.
मी पुडी खणात सारते.

दुपारपर्यंत आमची पासष्ट पानं झाली.
नाव नाही. एका तळटीपेत फक्त
‘बीडकडील एक वाकबगार गुळव्या’.
तिनं त्या ओळीचा फोटो घेतला,
मग परत घेतला, हात हलला म्हणून.

खण उघडला तर
चौकटीवरून, नोंदवहीवरून, स्कॅनरच्या वायरीवरून
मुंग्यांची सरळ रांग.
कुठला शब्द टाकला असेल त्यांनी,
ऱ्हस्व की दीर्घ.